शेरबूरचा नाका आणि सुनेत्राबाईंची चार बोटे

समस्त डब्लिनप्रांतस्थ मराठी मंडळींनी आज्ञा केली, जे फ्रान्सचे शेरबूर बंदराचे नाक्यावर सुनेत्राबाईसाहेब टेंबे यांजवर काय प्रसंग गुदरला तो साद्यंत लिहोन ठेवावा. कारण व्हॉट्सॲपचे दप्तरी या मोहिमेच्या तीन हकिगती फिरताहेत, एकीत बाईसाहेबांस कैद जाहली, दुसरीत फरासिसांचे यंत्रातून धूर निघाला, आणि तिसरीत लाडू जप्त होऊन अंमलदारांनी वाटून खाल्ले. तिन्ही खोट्या. खरे वर्तमान येणेंप्रमाणे.

ॲडम्सटाउनचे ठाणी, रेल्वे स्थानकापासून हाकेचे अंतरावर, सुनेत्राबाईसाहेब राहतात. जन्म सांगलीचा, वय बावन्न, पेशा संगणकाचा आणि शौक मोटारसायकलीचा. त्यांची आठशे सीसीची तांबडी दुचाकी म्हणजे घरातील चौथे माणूस. आयर्लंडात ऊन पडले की आधी तिला पुसावे आणि मग नवऱ्यास उठवावे, ऐसा रिवाज. यजमान दिलीपराव यांस मात्र दुचाकी हाकणे येत नाही. ते सदैव मागले आसनी बसतात, रस्ता सांगतात, आणि वळण आले की डोळे मिटतात.

या उभयतांचे दस्तक, म्हणजे हल्लीचे पासपोर्ट, निरनिराळे. मंडळी पूर्वी इंग्रजांचे मुलखी रेडिंग शहरी होती. तेथे बाईसाहेबांनी इंग्रजी दस्तक घेतले, आणि दिलीपरावांनी हिंदुस्थानचे सोडिले नाही. मग मंडळी आयर्लंडात आली. त्या काळी फ्रान्सचे स्वारीस निघाले की बाईसाहेब नाक्यावरून वाऱ्यासारख्या पार होत, आणि दिलीपराव व्हिसाचे कागद छातीशी धरून परदेशीयांचे रांगेत उभे राहात. आणि बाईसाहेब पलीकडून कॉफीच्या पेल्याची तसबीर पाठवीत. ऐसे सात वेळा घडले. दिलीपराव बोलत नसत, परंतु मोजत असत. पुढे इंग्रजांनी युरोपाशी काडी मोडिली, आणि दिलीपरावांनी, उशिरा का होईना, आयरिश दस्तक मिळविले, जे युरोपात सर्वत्र चालते. "तूही अर्ज कर," ऐसे त्यांनी वारंवार सुचविले. "माझं काय अडलंय?" ऐसा जबाब आला, आणि अर्जाचा नमुना दोन वर्षे फ्रिजवर चुंबकाखाली लटकत राहिला.

ऐसियास युरोपाचे दरबारातून नवे फर्मान निघाले, जे इंग्रज आदिकरून सर्व परकीयांनी मुलखात शिरताना चेहरा दाखवावा, तसबीर द्यावी, आणि उजव्या हाताची चार बोटे यंत्रावर टेकवोन ठसा उमटवावा. आणि दुचाकीस्वारांस तर आधी शिरस्त्राण काढणे, मग कानटोपी, मग हातमोजे, मग चिलखताचे आतले खिशातून दस्तक काढणे, आणि मग हे सर्व उलट क्रमाने चढविणे.

त्याच वैशाखमासी कन्या चिरंजीव शर्वाणी हिची पीएचडीची जाहीर परीक्षा फ्रान्सचे काँ शहरी नेमिली. चार वर्षे तिने नॉर्मंडीचे किनारी कालवांचे रोगांवर संशोधन केले. आता शुक्रवारी दुपारी तीन वाजता पंच बसणार, आणि दार लागले की मग कोणास आत घेणार नाहीत. तेथील चाल ऐसी की परीक्षेअंती घरच्यांनी सर्वांस खाऊ घालावे. शर्वाणी आईस आयरिश पोरांचे चालीने मॅम म्हणे; तिने फोनवर बजाविले, "मॅम, प्लेनने या ना. बाइक कशाला?" तेव्हा बाईसाहेबांनी उत्तर केले, "तू पहिल्यांदा शाळेत गेलीस ती माझ्या गाडीवरून. डॉक्टर होताना मी विमानातून उतरू होय?" यापुढे मसलत खुंटली. मग चाळीस बेसनाचे लाडू आणि चकल्यांचा डबा दुचाकीचे उजवे पेटीत भरिला, आणि पेटीची किल्ली दिलीपरावांचे स्वाधीन केली, कारण बाईसाहेब किल्ल्या हरवितात.

बुधवारी दिलीपरावांनी वाढदिवसाची भेट म्हणोन काळ्या चामड्याचे नवे हातमोजे दिले. मोजे देखणे, परंतु कच्च्या रंगाचे. गुरुवारी दुपारी रॉसलेअर बंदराकडे कूच केले तो विक्लोचे डोंगरापासून पाऊस लागला तो बंदर येईतो खळला नाही, आणि मोजे काढिले तेव्हा बाईसाहेबांचे दाही बोटांस काजळासारखा रंग. बंदरावरील आयरिश शिपायाने ती बोटे पाहिली, आकाशाकडे पाहिले, आणि "यू'ल बी ग्रँड", म्हणजे सर्व ठीक होईल, ऐसा तेथील सर्वरोगहारी आशीर्वाद देऊन गलबतावर घेतले. बाईसाहेबांनी गलबतावरील साबणाने बोटे घासिली, सकाळी उठोन पुन्हा घासिली, ठसा स्वच्छ उमटावा म्हणोन मग खरखरीत कागदानेही घासिली. रंग बराचसा गेला. रंगाबरोबर आणखी काय गेले ते शेरबुरास कळले.

दुपारी बारा वाजता गलबत शेरबुरास लागले. तेथून काँ सव्वाशे किलोमीटर, म्हणजे सव्वा तासाची मजल. परंतु नाक्यावर रांग, आणि रांगेत पुढे वेल्स मुलखीचे सहा स्वार, सर्व साठीच्या पुढचे, सर्व इंग्रजी दस्तकाचे. त्यांचा सरदार गॅरेथ नामे, दाढी पोटापर्यंत. एकेकाचे चिलखत उतरावे, ठसा घ्यावा, पुन्हा चढवावे, ऐसा क्रम; आणि पहिल्याच स्वाराची कानटोपी दहा मिनिटे जाहली तरी निघेना. एक वाजला. बाईसाहेबांचा जीव कासावीस जाहला, मग त्यांनी संकोच सोडून गॅरेथास कन्येचे परीक्षेचे वर्तमान निवेदन केले. गॅरेथ म्हणाला, "माझी नात नर्स झाली तेव्हा मी रस्त्यात पंक्चर काढत बसलो होतो. तुम्ही पुढे व्हा." आणि त्याने हात वर करिताच उरलेल्या पाचांनी आपापल्या दुचाक्या ढकलोन वाट मोकळी केली.

नाक्यावर एक तरुण अंमलदारीण होती, काम चोख आणि मुद्रा कठीण. तिने दिलीपरावांचे दस्तक पाहिले, परत दिले, आणि पिवळ्या रेषेपलीकडे जावे ऐसे फर्माविले. सर्व मिळोन अर्धे मिनिट. दिलीपराव रेषा ओलांडोन उभे राहिले, आणि त्यांचे मुखावर सात वेळांचे व्याज फुलले.

"सुनू," ते म्हणाले, "इथे कॉफीचं मशीन आहे. चांगली दिसतेय. फोटो पाठवू का?"

बाईसाहेबांस प्रथमच उमगले, की रेषेचे अलीकडून ती तसबीर कैसी दिसत असेल.

मग सवालजबाब जाहले. अंमलदारीण कागद पाहोन चक्रावली: जन्म सांगली, दस्तक इंग्रजांचे, दुचाकी डब्लिनची, नवरा आयरिश. तिने पुसिले, की आयर्लंडात राहता तर वास्तव्याचा दाखला कोठे आहे? बाईसाहेबांनी सांगितले, की इंग्रज दस्तकवाल्यांस आयर्लंडात राहावयास दाखला लागत नाही. तेव्हा ती म्हणाली, जे लागत नाही म्हणोन तुमच्यापाशी नाही, आणि नाही म्हणोन येथे बोटे द्यावी लागतील. बाईसाहेबांनी चेहरा दिला, तो यंत्राने घेतला. मग उजव्या हाताची चार बोटे काचेवर ठेविली.

यंत्राने तांबडा दिवा दाखविला.

पुन्हा ठेविली, पुन्हा तांबडा. दाबोन ठेविली, हळू ठेविली, पुसोन ठेविली, फुंकर मारोन ठेविली, यंत्र ढिम्म. घासघासोन आणि पावसाने बोटे ऐसी कोरडी आणि झिजकी जाहली होती, की त्यांवर रेषाच उरल्या नव्हत्या. पाठीमागे ज्या सहा स्वारांनी वाट दिली तेच आता खोळंबले, आणि त्यांतला एकही कुरकुरत नव्हता, ही लाज तर अधिकच. दीड वाजत आला. बाईसाहेबांचे डोळे भरून आले, ते त्यांनी शिरस्त्राणाकडे पाहण्याचे निमित्ते लपविले. अंमलदारीण थोडी निवळली आणि म्हणाली, बोटांस काही स्निग्ध लावावे, क्रीम असेल तर पाहा. क्रीम नव्हते. अंमलदारिणीपाशीही नव्हते, सहा स्वारांपाशी तर नव्हतेच.

तेव्हा पलीकडून दिलीपरावांची थट्टा सरली आणि आवाज बदलला. "सुनू, लाडू. तूप आहे त्यात."

"पेटीला कुलूप आहे. किल्ली कुणाकडे?"

दिलीपरावांनी खिसा चाचपला. किल्ली युरोपात, आणि पेटी युरोपाबाहेर. ते परत येऊ लागले तो अंमलदारिणीने हात आडवा केला, की एकदा आत गेलेल्याने उलट पावली येऊ नये. मग दिलीपरावांनी, ज्यांनी आयुष्यात एक झेल घेतला नाही की एक चेंडू नीट फेकला नाही, डोळे मिटोन किल्ली भिरकाविली. ती बाईसाहेबांपासून दोन वाव दूर जात होती. परंतु गॅरेथाने आपले शिरस्त्राण उपडे करून पुढे धरिले, आणि खण्‌ ऐसा नाद करून किल्ली त्यात पडली. सहा स्वारांनी टाळ्या पिटिल्या. अंमलदारिणीने खिडकीबाहेर समुद्राकडे पाहिले, म्हणजे तिने काही पाहिले नाही ऐसे ठरले.

पेटी उघडिली. अंमलदारिणीने कर्तव्य म्हणोन पुसिले, की हे दुधातुपाचे पदार्थ इंग्रजांचे मुलखातून तर नाहीत, कारण ते आत घेण्यास मनाई आहे. दिलीपराव पलीकडून ओरडले, की गाय आयर्लंडची, कॉर्कची आहे. येणेकरोन तुपास मोकळी वाट मिळाली, आणि लाडू ज्या हातांनी वळले ते मात्र अडले होते. बाईसाहेबांनी दोन लाडू उजवे मुठीत घेऊन चांगले दाबिले, बोटाबोटात तूप जिरविले, भुगा गॅरेथाचे ओंजळीत दिला, कागदाने हात टिपिला, आणि चार बोटे काचेवर ठेविली. गॅरेथ भुगा खाऊन "आणखी आहे का?" ऐसे पुसतो आहे, तोवर यंत्र विचार करीत राहिले, आणि मग हिरवे जाहले.

अंमलदारिणीने दस्तक परत दिले. "काँला उजवीकडचा रस्ता घ्या," ती म्हणाली, "डावीकडे काम चालू आहे." आणि काच पुसावयास लागली.

मग दुचाकी निघाली ती थांबली नाही. दिलीपरावांनी एकाही वळणावर डोळे मिटिले नाहीत. मिटिले ऐसे ते स्वतः सांगतात, परंतु आरशात बाईसाहेबांनी पाहिले. वाटेत ते एवढेच म्हणाले, "फोटो नव्हता पाठवायचा मी. नुसतं म्हटलं." बाईसाहेब म्हणाल्या, "मी सात पाठवले. रस्ता बघ."

तीनला चार मिनिटे असता उभयता विद्यापीठाचे दालनी शिरले, चिलखतासह, पावलोपावली करकरत, आणि मागले रांगेत बसले. दार लागले. शर्वाणीने आईबापांस पाहिले, पाण्याचा एक घोट घेतला, आणि कालवांविषयी फ्रेंच भाषेत तास सव्वा तास ऐसे बोलली, की उभयतांस एक शब्द कळला नाही आणि एक क्षण कंटाळा आला नाही. पंचांनी सवाल केले, तिने जबाब दिले. पंच आत गेले, बाहेर आले, आणि सर्वांस उभे करून तिला डॉक्टर ही पदवी जाहीर केली.

मग लोक बसले, आणि शर्वाणी आभार मानू लागली. बोलता बोलता तिने मातोश्रींचे नाव घेतले, फरासिसांचे धाटणीने, "स्युनेत्रा टेंबे", आणि सर्व दालनाने मागे वळोन पाहिले. नाव पुकारिलेले ऐकताच बाईसाहेब ताडकन उभ्या राहिल्या, चिलखताचे आतले खिशात हात घातला, आणि दस्तक काढून, तसबिरीचे पान उघडोन, पंचांपुढे धरिले.

दालनात हशा पिकला. पंचांतील वृद्ध गृहस्थ तर चष्मा काढून डोळे पुसू लागले. डॉक्टर शर्वाणी मंच सोडून मागले रांगेपर्यंत आली, आईचे हातातील दस्तक मिटविले, आणि म्हणाली, "आई, ठेव ते आत. इथे नाही विचारत कुणी." ती मॅम म्हणाली नाही, आई म्हणाली, हे दिलीपरावांनीही ऐकिले.

येणेंप्रमाणे इसवी सन दोन हजार सव्वीस, वैशाखमासी, शुक्रवारी, शेरबूरचा नाका सर जाहला आणि काँ शहरी डॉक्टर पदाची फत्ते जाहली. उभय पक्षी कोणी जखमी नाही. लाडू अडतीस पोहोचले, आणि पाच वाजता एकही उरला नाही. सुनेत्राबाईसाहेबांची चार बोटे युरोपाचे दप्तरी तीन वर्षांकरिता दाखल जाहली, ती तुपासह असल्याची साक्ष वेल्सकर सहा स्वार देतील. उभयतांचे मुखे ऐकिले ते लिहिले, वाढवोन लिहिले नाही.