शेवटची एकतीस पानं

गुरुवारी दुपारी दोन वाजता एदेल्मिरा कार्कामोने हात पुसले, चष्मा लावला आणि कादंबरीची उरलेली एकतीस पानं वाचून टाकायला ती चुलीजवळच्या बाकावर बसली. पुस्तक होतं. पानं नव्हती.

दोनशे ऐंशीव्या पानावर कस्टमचा साहेब भिजत भिजत दीपगृहाच्या पायऱ्या चढत होता, विधवा अमांदा दार उघडायला निघाली होती, आणि त्यानंतर थेट पुठ्ठा.

"रोसामेल!"

नवरा मागच्या अंगणातून चिखलाच्या बुटांसकट आत आला.

"ह्याची पानं कुठायत?"

"हां, ती? सकाळी चूल पेटेना. लाकडं सगळी ओली, आणि वर्तमानपत्र तू बरण्यांखाली घातलेलंस."

"म्हणून माझं पुस्तक जाळलंस?"

"पुस्तक कुठं जाळलं? नुसता शेवट. पुढची पानं मुद्दाम ठेवली. तू वाचायला तिथूनच सुरुवात करतेस, एवढं कळतं मला."

सत्तावीस वर्षांच्या संसारात बायकोच्या वाचनाबद्दल रोसामेलने केलेला हा पहिला विचार. त्यामुळे तिला धड ओरडताही येईना. आणि वेळही नव्हता. चार वाजता वाचक मंडळ होतं.

चिलोए बेटावरच्या त्या छोट्या बंदरात वाचक मंडळ म्हणजे गावच्या ग्रंथालयातल्या आठ खुर्च्या आणि त्यांच्यावर सेन्योरिता उबाल्दिना मान्सिया. बाई एकाहत्तर वर्षांच्या, बिनलग्नाच्या, शाळेतून निवृत्त; पण निवृत्त झाल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नसावं. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी प्रत्येकीने उभं राहायचं, संपवलेलं पुस्तक सांगायचं आणि मार्क द्यायचे. शाळेत देतात तसेच, एक ते सात, चारला पास. बाई ते लाल पेनाने वहीत उतरवायच्या. अकरा वर्षांत एकाही लेखकाला साडेपाचच्या वर चढता आलं नव्हतं. त्यातले काही जगभर गाजलेले होते म्हणे, पण ते बाईंच्या हाताखाली शिकले नव्हते.

आणि नियम एकच: पुस्तक पुरं केलेलं पाहिजे. तीनदा अर्धवट आलात तर खुर्ची जाते. एदेल्मिरा एकदा बटाट्याच्या काढणीत अडकली होती, एकदा चष्मा मेंढीने तुडवला होता. दोन्ही वेळा बाईंनी वहीत तिच्या नावापुढे 'सशर्त' असं लिहिलं होतं, वांड पोरांच्या दाखल्यावर लिहितात तसं. तिच्या खुर्चीवर मंडळातल्या नेल्दाची जाऊ डोळा ठेवून बसली होती. एदेल्मिराने सहावीत शाळा सोडली होती. आपल्या नावाची अशी जगात ती एकच खुर्ची, बाकी सगळ्या नुसत्या बसायच्या.

"मग?" त्या गुरुवारी एदेल्मिराची पाळी आल्यावर बाई म्हणाल्या. "ह्या वेळी कोण आडवं आलं? मेंढी की बटाटा?"

"पुरं वाचलं, बाई."

"शेवटसुद्धा?"

आता खरं सांगायचं, तर नवऱ्याने ग्रंथालयाचं पुस्तक जाळलं हेही सांगावं लागणार. एदेल्मिराने पिशवीतलं पुस्तक पोटाशी धरलं आणि ती उभी राहिली. दोनशे ऐंशी पानं तिने खरोखर वाचली होती, ती भराभर सांगितली. मग सांगता सांगता ती दारापाशी आली. अमांदाही दारापाशी आली.

"साहेब गुडघ्यावर बसतो," ती म्हणाली. "अंगठी काढतो. अमांदा त्याच्याकडे बघते. म्हणते, 'साहेब, बसा, चहा घ्या, आणि जाताना दार ओढून घ्या. मी चाललेय.' तिने गाय विकून होडी घेतलेली असते. ती जाते, आणि तो चहा पीत बसतो."

नेल्दाने नाक शिंकरलं. "चहा पीत बसतो!" ती म्हणाली. "अगदी आमच्यातलाच गं बाई कुणीतरी."

"मार्क?" बाईंनी विचारलं.

एदेल्मिराला स्वतःचाच शेवट फार आवडला होता. "सहा पूर्णांक आठ."

लाल पेन हवेत थांबलं. बाईंनी आजूबाजूला पाहिलं; सगळ्या माना हलवत होत्या. अकरा वर्षांनी वहीत सहाचा आकडा उतरला, तोही जरासा वाकडाच.

इथवर ठीक होतं. पण शुक्रवारी सकाळी बाई गावच्या रेडिओवर मार्क वाचून दाखवायच्या. बोटींच्या वेळा, कुणाची गाय हरवली, अमक्याने तमक्या धक्क्यावर घोडा घेऊन यावं, आणि मग साहित्य. त्या शुक्रवारी त्यांनी गाय, होडी, चहा, सगळं शब्द न् शब्द सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "हा शेवट मी स्वतः वाचून तपासला आहे." त्यांनी पुस्तक पाहिलंही नव्हतं. पण तपासल्याशिवाय सहा दिला असं गावाला वाटलं असतं, तर बाईंची आयुष्यभराची कमाई गेली असती.

दुसऱ्याच दिवसापासून ते पुस्तक सगळ्यांना हवं झालं. एदेल्मिरा म्हणाली, पुन्हा एकदा वाचतेय. मग म्हणाली, बहीण वाचतेय. बहिणीला वाचता येत नाही हे नेल्दाला माहीत होतं, तेव्हा म्हणाली, मी तिला वाचून दाखवतेय.

"एवढं हळू?" नेल्दाने विचारलं.

"मध्ये मध्ये रडते गं ती."

समोरच्या बेटावर मात्र पुस्तकावाचून कुणाचं अडलं नाही. तिथे दोन्या क्लोरिंदा नावाची विधवा राहायची. एराल्दो वेरा नावाचा सुतार चार वर्षं दर रविवारी वल्हवत तिच्याकडे जायचा, कधी शिंपले घेऊन, कधी बटाट्याचं पोतं घेऊन, आणि लग्नाचं विचारून परत यायचा. रेडिओ ऐकल्यानंतरच्या रविवारी तिने त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाली, "जाताना दार ओढून घ्या." आणि ती निघून गेली, नव्या होडीतून. गोठा रिकामा होता.

पुढच्या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी ग्रंथालयाचं दार धाडकन उघडलं. एराल्दो आत आला. हातात टोपी, काखेत पुस्तक. मागोमाग त्याच नव्या होडीतून आलेली दोन्या क्लोरिंदा, काय तमाशा होतोय ते बघायला.

"बाई," एराल्दो म्हणाला, "तुम्ही माझं वाटोळं केलंत."

"आधी बूट पुसा."

त्याने बूट पुसले. "पुएर्तो मोंत शहरात जाऊन हे पुस्तक आणलं मी. अख्खं वाचलं. ह्यात ती त्याच्याशी लग्न करते! तीनशे अकराव्या पानावर. चर्चमध्ये. बँडबिंड लावून!"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बाईंचा चेहरा त्यांच्या कॉलरसारखा पांढरा झाला, कारण तपासल्याचं सगळ्या बेटांनी ऐकलं होतं.

"कुठून घेतलंत?" नेल्दाने विचारलं.

"बसस्टँडवर. एक जण चादर टाकून बसतो, तिथून."

"अगं बाई! चोरटी छपाई!" नेल्दाने हात जोडले. "त्यात काय वाट्टेल ते छापतात. माझ्या भाचीने तिथूनच स्वयंपाकाचं पुस्तक घेतलं, तर माशाच्या रश्शानंतर मोटारीचं गिअर दुरुस्त करायला लावलंन तिला."

"तरी म्हटलं ह्याच्या हाताला शाई कशी लागलीय," दुसरी एक म्हणाली.

"बरोबर," बाई घाईघाईने म्हणाल्या. रंग परत आला होता. "खोटी प्रत, खोटा शेवट. विषय संपला. बसा, नाहीतर जा."

एदेल्मिरा वाचली होती. तिने फक्त गप्प बसायचं होतं, आणि खुर्ची तिची होती, कदाचित मरेपर्यंत.

एराल्दो पुस्तकाकडे बघत उभा होता. "म्हणजे मी उगाच वाचलं?" तो हळूच म्हणाला. "एकोणीस दिवस लागले. ओळीखाली बोट धरून वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच वाचलं हो पुस्तक."

हे बोट धरून वाचणं एदेल्मिराला माहीत होतं. ती उठली.

"त्याचं पुस्तक खरंय, बाई," ती म्हणाली, आणि पिशवीतून आपली प्रत काढून टेबलावर शेवटून उघडून ठेवली. "शेवटची पानं रोसामेलने चुलीत घातली. चहा, होडी, गाय, सगळं मी जुळवलं. तिथल्या तिथे, उभ्या उभ्या."

एराल्दोच्या चेहऱ्यावर उजेड पडला आणि तो गर्रकन वळला. "ऐकलंस, क्लोरिंदा? लग्न करते ती! खऱ्या पुस्तकात करते!"

"करू दे की," दोन्या क्लोरिंदा म्हणाली. "तिचं ती बघेल. मला काय पुस्तकाने सांगितलं म्हणून मी नाही म्हटलं होय? चार वर्षं नाहीच म्हणायचं होतं. शब्द सापडत नव्हते. तू दर वेळी बटाटे घेऊन यायचास, माणूस बोलणार कसं?" ती एदेल्मिराकडे वळली. "छान जमलं हो तुला. होडी पण चांगली निघाली."

बाईंनी टेबलावर पेन आपटलं. रेडिओवर तपासलेल्या शेवटाबद्दल कुणी काही विचारायच्या आत वर्ग हातात घ्यायला हवा होता.

"नियम म्हणजे नियम. एदेल्मिरा, तिसरी वेळ. खुर्ची गेली."

नेल्दाने जावेला निरोप धाडायला फोन काढला.

"फोन ठेव," बाई म्हणाल्या. "ही खुर्ची पुस्तक पुरं करणाऱ्याची. हे पुस्तक पुरं वाचलेलं माणूस ह्या खोलीत एकच आहे."

सगळ्या इकडे तिकडे बघू लागल्या. एराल्दोनेही मागे वळून पाहिलं, कोण आहे म्हणून.

"तुम्ही. बसा. मार्क?"

एराल्दो खुर्चीच्या कडेवर बसला. "सात," तो म्हणाला. "लग्न होतं ना."

एदेल्मिरा त्या दिवशी खुर्ची सोडून घरी गेली. त्यानंतर दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी चार वाजता ती भांडी घासायची, घासलेली असली तरी. बाया रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, होडीतून अमांदा पुढे कुठे गेली गं? ती म्हणायची, मला काय ठाऊक. पण ठाऊक होतं.

पाच महिन्यांनी एका मंगळवारी सकाळी दारात सेन्योरिता उबाल्दिना उभ्या होत्या. हातात वही. आत आल्या, बूट पुसले, बसल्या. एदेल्मिराने बटाट्याचे गरम मिल्काओ पुढे केले. बाई नको म्हणाल्या आणि दोन खाल्ले.

"एराल्दो सगळी पुस्तकं पुरी वाचतो," त्या म्हणाल्या.

"चांगलंय की, बाई."

"सगळ्यांना सात देतो."

"मनाचा मोठा आहे."

"रविवारी माझ्याकडे आला होता." बाईंनी स्कर्टवरचा तुकडा झटकला. "बटाट्याचं पोतं घेऊन."

एदेल्मिराने तोंड चुलीकडे फिरवलं. हसू आवरल्यावर परत वळवलं. "मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? पोतं कुठं ठेवू म्हणून विचारत होता, तर म्हटलं, कोपऱ्यात ठेवा. पुढच्या रविवारी उत्तर हवंय त्याला. चहा, दार, ते सगळं त्याला एकदा ऐकवून झालंय. तेच परत म्हटलं तर बरं दिसायचं नाही." बाईंनी वही उघडली आणि लाल पेनाचं टोपण काढून ते पेन एदेल्मिराच्या पुढे धरलं. "दुसरा एखादा शेवट कर."

"आणि माझी खुर्ची?"

"त्याला नाही म्हटलं, तर तो कशाला येतोय पुन्हा मंडळात? रिकामीच होईल."

एदेल्मिराने पेन घेतलं. चष्मा लावला. पहिली ओळ तिला लगेच सुचली, पण तिने बाईंकडे नीट बघितलं. बाईंनी केस कुरळे करून घेतले होते. मंगळवारी.

"बाई," ती म्हणाली, "नक्की नाहीच म्हणायचंय ना?"

सेन्योरिता उबाल्दिनांनी तिसरा मिल्काओ उचलला आणि त्याच्याकडे फार बारकाईने पाहिलं.

"दोन्ही लिही," त्या म्हणाल्या. "मी वाचून ठरवते."