पखवाजाला खिडकीची सीट

विमानातून पखवाज नेणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी हरिश्चंद्रबुवांना छातीठोकपणे सांगितलं होतं. हैदराबादच्या मालवणी मंडळींनी संध्याकाळी डबलबारी ठेवलेली. म्हणजे दोन बुवांचा भजनातला सामना. गाणार बुवा, पखवाज वाजवणार मी.

"सामानात घातलस तर चामड्याची पुडी फुटतली," बुवा म्हणाले. "पखवाज गेलो तर बारी गेली!"

"बुवा, तेका वेगळी सीट काढलंय! खिडकीची!"

वेबसाइटवर वाद्यासाठी रकानाच नव्हता. म्हणून मी सरळ प्रवासी म्हणून नाव घातलं. पखवाज परब, पुरुष, वय चाळीस.

आमच्या मालवणी मुलखातल्या विमानतळावर काउंटरला नम्रता मॅडम होत्या. "तिसरे प्रवासी कुठे आहेत?"

मी गवसणी उघडली. मॅडमनी पखवाजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोघांत जास्त पोकळ कोण, ते बहुधा ठरवत होत्या.

"यांचं ओळखपत्र?"

"मी आसंय मा!" बुवा मध्ये पडले. "चाळीस वर्सां वळाखतंय तेका!"

तिकीट रद्द! सीट वेटिंगवरच्या दुसऱ्याला गेली. "आता हा खाली, सामानात," मॅडम म्हणाल्या.

बुवांनी शांतपणे चपला काढल्या, हात जोडले आणि भर काउंटरसमोर गाऱ्हाणं घातलं!

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां आज आभाळात जातत, तेंका सांभाळ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी.

"विमानाची चाकां येळेर उघडू देत रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!!" ही अख्खी रांग. आमच्याकडे एक वेळ शिंक आवरते, पण गाऱ्हाण्याला होय म्हणणं आवरत नाही.

"आणि ह्या पखवाजाक खिडकीची सीट मिळू दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!!!"

काचा थरथरल्या. बंदूकवाला जवान, सफाईवाली मावशी, सगळे ओरडले. आणि सर्वांत खणखणीत आवाज नम्रता मॅडमचा!

मॅडम मूळच्या आमच्याजवळच्याच, कसालच्या. देवासमोर होय म्हटलेलं मागे घ्यायची कोणाची टाप!

"आता देवाक होय म्हटलंय, मोडूचा कसा?" त्यांनी घाम पुसला. मग पुन्हा ऑफिसच्या मराठीत आल्या. "ओळखपत्रवाल्या माणसाच्या सीटवर वाद्य बसू शकतं, खिडकी मी बदलून देते. पण मग तो माणूस इथेच राहील."

"मी रवतंय!" मी गरजलो. त्या भारावलेल्या क्षणी त्यांनी किडनी मागितली असती तरी दिली असती.

विमान निघालं. मागे राहिलेले आम्ही सगळे काचेपाशी हात जोडून उभे. खिडकीत, बुवांच्या शेजारी, पट्टा बांधलेला पखवाज, पालखीतल्या देवासारखा! माझ्या अंगावर काटा आला. मावशी डोळे पुसत होती.

संध्याकाळी बुवांचा फोन.

"रे विश्वेशा, पखवाजाक साधो चरोसुद्धा नाय! लोकांनी हार घातले! समोरचो बुवा बघूनच गार पडलो! मंडप भरलो, आता सुरू करूया. तू खंय आसस?"

"गावाकच, कट्ट्याच्या बाजारात, बुवा," मी म्हणालो. "भजी खातंय."