एका फटक्यात सुरू होणारी गाडी

जावयाने सुतार सासऱ्याच्या पिकअपचं बॉनेट उघडलं, तेव्हाच खरं तर कुणीतरी त्याला चहाला हाक मारायला हवी होती. पण अशा हाका मारणारी सासू उन्हाळ्यात वारली होती, आणि मुलीला वाटलं, सुट्टीच्या दिवशी नवऱ्याच्या हाताला काही काम असलेलं बरं.

"बाबा, नवी कॉइल, नव्या वायरी, चारही प्लग नवे," जावई हात पुसत म्हणाला. "ठिणगी आता जोरात पडेल. ओढ वाढेल, पेट्रोल कमी लागेल. फिरवा किल्ली."

सुताराने किल्ली फिरवली आणि गाडी एका फटक्यात सुरू झाली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. ही गाडी सकाळी आधी खोकायची, मग रुसायची आणि बरीच मनधरणी झाल्यावर कशीबशी जागी व्हायची. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने सगळे उपाय केले, पण जित्याची खोड जाईना. सुतार त्याला तोंडावर 'ठोकपीटवाला' म्हणायचा आणि तो बिचारा हसून ऐकून घ्यायचा.

"बघितलंस, याला म्हणतात काम," सुतार म्हणाला. बोलताना त्याने सवयीने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

कामाच्या बाबतीत जावयाचा शब्द खोटा ठरला नाही. ज्या चढावर पूर्वी गाडी धापा टाकायची, तो ती भरल्या मालानिशी हसत चढली. बिघडायला लागलं ते दुसरंच. पहिल्याच सकाळी सुतार चष्मा घरी विसरून निघाला. डोळे बारीक करून त्याने गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघराची मापं घेतली. त्या मापांचं कपाट भिंतीला अगदी चपखल बसलं, फक्त शेजारच्या फ्रिजचं दार उघडेना. डबा तर रोजच ओट्यावर राहू लागला. मग एका नव्या जोडप्याचा पलंग पोचवायला गेला, तर पलंगाचे पाय घरीच.

"काका, पाय कुठंयत?" नवऱ्या मुलाने विचारलं.

"येतील मागून."

"चालत?" नवी नवरी म्हणाली.

सुतार हसला नाही. त्याला मनातून भीती वाटायला लागली होती. बायको गेल्यापासून आपल्या डोक्याचंही काही खरं नाही, असं त्याला वाटत होतं, आणि ते बोलून दाखवण्याजोगं एकही माणूस घरात उरलं नव्हतं.

त्यातच मुलगी चार दिवस राहायला आली. परत जाताना तिने बॅग पुढच्या सीटवर ठेवली आणि ती दाराला कुलूप लावायला वळली. सुताराने किल्ली फिरवली, गाडी लगेच सुरू झाली, आणि सुतार निघाला. बस स्टँडवर पोचल्यावर तो मायेने म्हणाला, "उतर बाळा, सांभाळून जा." बॅग काही बोलली नाही. मुलीने फोन केला, तर त्याचा फोन घरातच वाजला.

घरी परतल्यावर मुलगी पायरीवर रडत बसलेली दिसली.

"बाबा, आज मला विसरलात. उद्या रस्ता विसराल." तिने त्याच्या हातातून किल्ली घेतली. "गाडी विकू या. तुम्ही आमच्याकडे चला."

गाडी गेली की काम गेलं, काम गेलं की हे घरही सुटणार, आणि या घरात अजून प्रत्येक डब्यावर, प्रत्येक खुंटीवर बायकोचा हात होता. पण पोटच्या पोरीला मागे टाकून आलेला माणूस कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

विकण्याआधी गाडी दाखवायला दोघं मेकॅनिककडे गेले. मुलीने किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं, तसा मेकॅनिकचा चेहरा उतरला.

"कॉइल कुणी बदलली?"

"यांच्या जावयाने," मुलगी म्हणाली. "का, चुकीची बसली का?"

"चांगली बसलीय, तीच तर पंचाईत आहे." मेकॅनिक सुताराकडे वळला. "दादा, हल्ली घरी काय काय विसरता?"

सुतार दचकला. "तुला कुणी सांगितलं?"

"वहिनींनी. फार पूर्वी मी एकदा नवी कॉइल टाकली होती. आठवड्याभरात वहिनी स्वतः इथे आल्या. म्हणाल्या, बाकी काय हवं ते बदला, कॉइल जुनीच ठेवा. गाडी कुरकुरते तेवढ्यात मी घरभर नजर फिरवते आणि राहिलेलं आणून देते. एका फटक्यात सुरू झाली, तर हा माणूस एक दिवस पँट विसरून जाईल."

"आणि मी तुला ठोकपीटवाला म्हणत राहिलो."

"म्हणा की. पण त्यांचा शब्द मोडवला नाही."

सुतार तिथल्या टायरवर बसला आणि खूप दिवसांनी मोकळेपणाने रडला. ती गेल्यानंतरही गाडी कुरकुरायची, तेवढ्यात तो दाराकडे बघायचा, आणि तिचं 'चष्मा? डबा?' कानात यायचं. नव्या कॉइलने तेवढीही उसंत ठेवली नव्हती. मुलीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. जुनी कॉइल जावयाने सीटखाली टाकली होती. मेकॅनिकने ती काढली, पुसली आणि पुन्हा जागेवर बसवली.

"ठीक आहे, काही दिवस बघू," मुलगी म्हणाली आणि किल्ली तिने बापाला परत दिली. जायचं मात्र तिने दुसऱ्या दिवसावर ढकललं.

सकाळी सुतार गाडीत बसला. चष्मा नाकावर, फोन खिशात, पलंगाचे पाय मागे दोरीने बांधलेले. किल्ली फिरवली. गाडी खोकली, रुसली, गप्प बसली. त्याने दाराकडे पाहिलं.

"बाबा, डबा राहिला," म्हणत मुलगी धावत आली. पदर नव्हता, ओढणी होती, पण धावणं अगदी आईचं होतं. "यापुढे मी रोज सकाळी फोन करून विचारणार आहे."

"कर," तो म्हणाला आणि त्याने डबा मांडीवर घेतला.

डबा त्याने मुद्दामच ओट्यावर ठेवला होता.