मोहितेभाईंचे रविवार

भर मे महिन्यात बडोद्यात कानटोपी घातलेला माणूस दिसला, तर तो आजारी आहे असं समजू नका. ते आमचे मोहितेभाई. सकाळी आठलाच आमचे शर्ट पाठीला चिकटलेले असायचे, आणि हे गृहस्थ वाघोडियाच्या कंपनीबसची वाट बघत उभे, अंगात स्वेटर, डोक्यावर कानटोपी.

पहिल्याच दिवशी मी विचारलं. म्हणाले, "कॉम्प्युटर रूममध्ये एसी फुल असतो. घरून घालून निघालो की विसरत नाही."

"मग पिशवीत ठेवा ना."

"आणि पिशवी विसरली तर?"

कप्पाळ!

आमची कंपनी पंप बनवायची. ऑर्डरी, स्टॉक, माल बाहेर जातानाची चलानं, सगळं चार सर्व्हरवर. ते चार मोहितेभाईंच्या ताब्यात आणि मी मोहितेभाईंच्या हाताखाली. त्यांचे पणजोबा बडोद्याच्या महाराजांच्या फौजेत पहाऱ्यावर होते म्हणे. पणतूनेही पहाराच धरला होता. मी पडलो उतावळा, आणि त्यांचं पालुपद एकच, "शांती राख, भाऊ." धोतर पेटलं तरी आधी शांती राखतील असा माणूस.

सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टीमला सारख्या दुरुस्त्या यायच्या. मोहितेभाई त्यांना ठिगळं म्हणायचे. ठिगळं सीडीवर यायची आणि कारखाना बंद असेल तेव्हाच लावायची, म्हणजे रविवारी. एक लावा, मशीन बंद करून चालू करा, मग दुसरं. असं चारही मशीनवर. क्रम चुकला की मशीन रुसून बसायचं. तो क्रम त्यांच्या लाल वहीत, शाईपेनाने लिहिलेला. 'तिसरं ठिगळ दुसऱ्याआधी लावू नये. मी लावलं आहे.' 'इथे चहा घ्यावा, वेळ लागतो.' महिन्यातले तीन रविवार आम्ही दोघं त्या थंडीत कुडकुडत थेपले खायचो.

रिटायर व्हायला चार महिने उरले आणि या माणसाच्या डोक्यात किडा वळवळला. म्हणे, सिस्टीमच बदलायची. नव्या सिस्टीमला एक आज्ञा दिली की लागतील ती ठिगळं ती स्वतः इंटरनेटवरून आणते आणि क्रमाने लावून मोकळी होते. मी वैतागलो. जाता जाता हा घाट कशाला?

"मोहितेभाई, आता आरामात दिवस काढा की."

"शांती राख, भाऊ."

मॅनेजर पटेलसाहेब म्हणाले, "चाले छे ने? तो पछी?" चाललंय ना, मग कशाला? मोहितेभाई आठ दिवस लाल वही घेऊन त्यांच्या केबिनबाहेर बसले. शेवटी साहेब कंटाळले. उत्तरायणला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, कारखाना दोन दिवस बंद असतो, तेवढ्यात करा म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिला ट्रक चलानाशिवाय अडला, तर जुनी सिस्टीम परत आणि विषय कायमचा बंद.

उत्तरायणला काम! त्या दिवशी बडोद्यात अंथरुणाला खिळलेला माणूससुद्धा गच्चीवर असतो. त्यात माझ्या पोरीची पहिली उत्तरायण. बायको म्हणाली, "जा, सर्व्हरलाच पतंग दाखव." मी धुमसतच गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चारही मशीनं नव्या सिस्टीमवर उभी राहिली. पण चलान छापेना. प्रिंटर खरखरायचा आणि कोरा कागद बाहेर टाकायचा. तासभर झाला, दीड तास झाला. माझा तोल सुटला.

"कोणासाठी चाललंय हे? पंधरा दिवसांनी तुम्ही घरी बसणार. माझी पोर गच्चीवर आणि मी इथे!"

मोहितेभाईंनी कानटोपी काढली. त्या खोलीत मी त्यांना पहिल्यांदाच उघड्या डोक्याने बघितलं.

"म्हणूनच तर," ते म्हणाले. "माझी नीता सायकल शिकली तो रविवार होता. पडून दात पडला तोही रविवार. मला सगळं सोमवारी कळायचं. आता बंगलोरला असते. तिचे रविवार तिच्या कामात जातात, आणि मी कुठल्या तोंडाने बोलू? ही वही तुझ्या गळ्यात मारून मला जायचं नाही, विलास."

मला माझीच लाज वाटली. मी प्रिंटरच्या सेटिंग पुन्हा पहिल्यापासून बघायला बसलो. चहाच्या वेळेला चलान छापून आलं, अक्षर न् अक्षर. मोहितेभाईंनी ते उलटसुलट करून बघितलं आणि "सरस," एवढंच म्हणाले. सकाळी ट्रक वेळेवर सुटला.

ते रिटायर झाले. लाल वही मी मागूनही त्यांनी माझ्याकडे ठेवली नाही, घरी नेली. ठिगळं आता शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत लागतात.

मध्ये एका रविवारी पोरीच्या लसीचं कार्ड ड्रॉवरमध्ये राहिलं म्हणून मी कारखान्यात गेलो. बरोबर अकराला कॉम्प्युटर रूममधला फोन वाजला. उचलला.

"कोण? विलास?" मोहितेभाईंचा आवाज घाबरलेला. "तू तिथे काय करतोस? काय बिघडलं?"

"काही नाही हो, कार्ड विसरलो होतो. पण तुम्ही कसा काय फोन केलात?"

मग म्हणाले, "दर रविवारी करतो. घंटी वाजत राहते, कोणी उचलत नाही, म्हणजे तू घरी. बरं वाटतं."

मी म्हटलं, "पुढच्या रविवारी आमच्याकडे जेवायला या. पोर रांगायला लागलीय."

"येतो की," म्हणाले. "पण आधी तिथे फोन करीन. कोणी उचलला नाही, तर येईन."