पुंडलिकभाऊंची कॅसेट

पुंडलिकभाऊ कुठलंही यंत्र विकत घेण्याआधी त्याचा वास घेतात. मिक्सर असो की पंखा, मागच्या जाळीला नाक लावून डोळे मिटतात. सोबत असलो की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. सगळी नोकरी वायरमन म्हणून झालेली. जळकं वाइंडिंग त्यांना नाकाने कळतं म्हणे. "मास्तर, दुकानदार खोटं बोलन, नाक नाही बोलत."

अख्खं जळगाव जामोद जुन्या कॅसेटी सीडीवर उतरवून घेत होतं, तेव्हा आमच्या या शेजाऱ्याने लेकीच्या लग्नाच्या सीड्या कॅसेटवर उतरवायचं काढलं. कारण संग्रामपूरची त्यांची ताई. तिच्याकडे फक्त जुना व्हीसीआर, आणि ती लग्नाला आलीच नव्हती. लग्नाची पत्रिका कुंकू लावून भावाने स्वतः बहिणीच्या दारात जाऊन द्यायची, ही आपली रीत. भाऊ त्या आठवड्यात शूटिंगवाल्यांचे कॅमेरे हुंगत हिंडत होते. पत्रिका त्यांनी एसटीच्या कंडक्टरकडे देऊन टाकली. ताई रुसली ती रुसलीच, बोलणंही बंद. लग्न पाहिलं की तिचा राग उतरेल, अशी भाऊंची आशा.

व्हीसीआर निवडायला मला खामगावला नेलं. घरचा सीडी प्लेअर गोधडीत गुंडाळून एसटीत खिडकीशी बसवला आणि स्वतः उभे राहिले. पहिल्या दुकानातल्या मशीनवर नुसतं पाहता येई, रेकॉर्डिंग नव्हतंच. दुसऱ्याचं चित्र थरथरत होतं. तिसरं नाकाने नापास केलं. चौथ्याला पिवळी, लाल, पांढरी वायर जोडून लेकीची हळद पाच मिनिटं उतरवली, मग ती कॅसेट पुन्हा लावून पाहिली. असं तीनदा.

"काका, मशीन घेऊन राह्यले का लग्न लावून राह्यले?" दुकानदाराने विचारलं.

"मशीन अन् जावई, दोन्ही पारखूनच घ्या लागते."

रविवारी सकाळी त्यांच्या बैठकीत काम सुरू झालं. तीन तासांचं लग्न उतरायला तीन तासच लागतात. भाऊंनी सगळ्यांना गप्प बसवलं. टेपरेकॉर्डरची सवय, खोलीतला आवाज कॅसेटमध्ये घुसेल अशी भीती. वहिनींना कुकर लावू दिला नाही. मी काही सांगायला तोंड उघडलं की बोट ओठांवर.

पाठवणी झाली, शेवटची सीडी संपली. कॅसेट अजून फिरत होती. भाऊ मशीनच्या अगदी जवळ सरकले आणि हळू आवाजात बोलू लागले.

"ताई, माह्यं चुकलं. कॅमेरे पाहत हिंडलो अन् तुह्या दारात यायचं राह्यलं. मांडवात एवढे लोक होते, पण मले रागावणारं कोणी नव्हतं. माय गेल्यापासून तूच तं होती."

मला भरून आलं. भाऊंनी डोळे पुसले, कॅसेट काढली आणि म्हणाले, "पाचच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतो."

आता मात्र मला राहवेना. "भाऊ, तुमचं बोलणं त्यात गेलेलं नाही. वायरीतून येतं तेवढंच उतरतं."

त्यांनी लावून पाहिलं. पाठवणीनंतर नुसता निळा पडदा, आवाज नाही.

"काऊन नाही सांगितलं पहिले?"

"तुम्ही बोलू दिलं का?"

त्यांनी मशीन बंद केलं. "मशीन बिघडलं तं मले समजते, मास्तर. ताईपुढं उभं कसं राहावं, ते नाही समजत. तुमी येता का सोबत?"

पाचच्या गाडीत आम्ही दोघंही बसलो. संग्रामपूर येईपर्यंत भाऊ खिडकीकडे तोंड करून एकच वाक्य पाठ करत होते, "ताई, माह्यं चुकलं."