भटूनाना आणि सुदानचा दूत

आमच्या भटूनानांना कशाला तरी अनुमोदन दिल्याशिवाय चैन पडत नाही. आमचं गाव धुळ्याहून साक्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. इथल्या ग्रामसभेत ठराव मांडायला माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात, पण त्याला पाठिंबा द्यायला कुणी नसतं. मग मागून नानांचा आवाज येतो, "मनं अनुमोदन शे." तीस वर्षं हेच चाललंय. एकदा पूर्वेकडचा रस्ता आधी करावा आणि पश्चिमेकडचा रस्ता आधी करावा, अशा दोन्ही ठरावांना नानांनी एकाच बैठकीत अनुमोदन दिलं. विचारलं तर म्हणाले, दोन्ही माणसं भलीच होती.

हे वेड ग्रामसभेपुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. लग्नात जेवण चांगलं झालं असं कुणी म्हटलं, की नाना अनुमोदन देणार. डॉक्टरने इंजेक्शन घ्यायला सांगितलं तरी तेच. शोकसभेत कुणीतरी मयताला कसलंही व्यसन नव्हतं असं बोलून गेला, तर त्यालाही नानांनी ठासून अनुमोदन दिलं. मयताची तंबाखूची डबी तेव्हा नानांच्याच खिशात होती. मी शेजारीच बसलो होतो, म्हणून मला माहीत.

मी इथला निवृत्त मास्तर, नानांची आणि माझी भिंत एकच. त्यांच्या तोंडून स्वतःचं असं एकही मत मी कधी ऐकलं नव्हतं. त्यामुळे मागच्या ग्रामसभेत आयत्या वेळच्या विषयांत नाना स्वतः उठून उभे राहिले, तेव्हा लोकांना वाटलं, त्यांना बाहेर जायचंय. त्यांनी खिशातून कागद काढला आणि अडखळत वाचला. सुदान देशातली लढाई मिटवण्यासाठी भारत सरकारने एक खास दूत नेमावा व त्यास ताबडतोब रवाना करावे. 'ताबडतोब रवाना' हे त्यांनी दोनदा वाचलं.

सभेत हशा पिकला. एकाने विचारलं, सुदान शिरपूरच्या अलीकडे की पलीकडे? दुसरा म्हणाला, नानांना तिकडे कांदा पाठवायचा असेल. ग्रामसेवकांनी गंभीरपणे सांगितलं की परराष्ट्र धोरण ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येत नाही. त्यावर नाना म्हणाले, "क्रिकेटवाला जिंकनात तवय आपन अभिनंदनना ठराव करा व्हता. ती मॅच काय आपला वावरमां व्हती?"

सरपंच सुमनअक्का मूळच्या मऊ स्वभावाच्या. त्यांनी विचारलं, "नाना, सुदानमां तुमनं कोन शे?"

नाना कागदाची घडी करत नुसते उभे राहिले. अक्का म्हणाल्या, ठीक आहे, सूचक भटूनाना, अनुमोदक कोण?

ज्यांच्या गटारीला, सभामंडपाला, पाण्याच्या टाकीला या माणसाने तीस वर्षं अनुमोदन दिलं, ते सगळे एकाएकी छताकडे बघू लागले. खरं सांगतो, मीही बघत होतो. गावात वाचनालय असावं हा माझा ठराव नानांनीच उचलून धरला होता, आणि नानांना वाचनाचा कंटाळा आहे. आता अनुमोदक मिळाला नसता तर नानांचा ठराव तिथंच पडला असता. नाना कुणाकडेही बघत नव्हते. मला माझीच लाज वाटली, आणि मी हसणाऱ्यांवर चिडून हात वर केला. पहिला हात वर जाण्याचीच काय ती अडचण असते. दोन मिनिटांत ठराव एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना कापडी पिशवी घेऊन माझ्या ओट्यावर आले. इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, दूत कधी निघणार?

मी म्हटलं, का हो?

त्यांनी पिशवी उघडून दाखवली. आत बिबडे होते, म्हणजे ज्वारीचे पापड, तीळ घातलेले, वर्तमानपत्रात जपून गुंडाळलेले. "तो जाईच ऱ्हायना," नाना म्हणाले, "ते एवढी पिशवी बी लई जाई."

आमच्याकडे ही रीतच आहे. कुणी सुरतेला निघालं, पुण्याला निघालं, की त्याच्या हाती कुणाचं तरी लोणचं जाणारच. सुदानला मात्र गावातून कुणीच निघत नव्हतं. म्हणून नाना भारत सरकारकडून माणूस पाठवत होते.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नानांच्या माडीवर तीन वर्षं एक परदेशी विद्यार्थी भाड्याने राहायचा. धुळ्याला फार्मसीला होता. आम्ही सगळे त्याला 'आफ्रिकावाला' म्हणायचो. देश कोणता, हे गावात कुणी विचारलंच नाही. त्याचं नाव इद्रिस. नानांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, शेवटच्या आजारपणात त्यानेच त्यांना माडीखालच्या खोलीतून उचलून रिक्षात ठेवलं होतं. त्यांना तो माय म्हणायचा आणि त्यांचे बिबडे कच्चेच खायचा. शिक्षण संपवून तो परत गेला. दर रविवारी त्याचा फोन यायचा. आठ महिन्यांपासून तो लागत नाही.

"पोरं नहीत ना आमले," नाना म्हणाले. एवढंच म्हणाले.

बिबड्यांची खरी चव वहिनींच्या हाताला होती. हे बिबडे नानांनी स्वतः शिकून घातले होते. काही फाटलेलेही होते. मी पत्ता विचारला. पिशवीला सुईदोऱ्याने कागद टाचला होता, त्यावर लिहिलं होतं: इद्रिस, मु. सुदान. उंच आहे.

मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. आमचा ठराव तालुक्याच्या कचेरीत तरी कुणी वाचेल का, हेही मला सांगवेना. मी एवढंच म्हणालो की दिल्लीचं काम आहे, वेळ लागेल.

"लागू द्या, गुरुजी," नाना उठत म्हणाले. "बिबडा वरीसभर टिकतस."

ते गेल्यावर मी पिशवी आत नेली आणि मुंग्या लागू नयेत म्हणून उंच खुंटीला टांगली.