नानांच्या डब्यातले फोन

आमच्या ऑफिसातले भास्करनाना जेवणाचा डबा उघडतात तेव्हा नवीन माणूस हमखास दचकतो. चार पुडांचा स्टीलचा डबा. वरच्या पुडात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि खालच्या तीन पुडांत दोन-दोन असे सहा मोबाइल. तेही कसे? एकाची काच तडकलेली, एकाच्या पाठीला रबरबँड, तर एकाचा उजवीकडचा खालचा कोपरा मेलेला, तिथे बोट आपटलं तरी ढिम्म. नाना आधी फोन काढतात, रुमालाने पुसून ओळीने मांडतात, मग भाकरीला हात लावतात. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "नाना, हे फोन कुणाचे?"

"बठ्ठास्ना," नाना म्हणाले. म्हणजे सगळ्यांचे. आणि ठेच्यात बोट बुडवलं.

मी तेव्हा पुण्याची नोकरी सोडून नुकतीच जळगावला परत आले होते. पुण्यात माझ्या डिझाइनचं कौतुक झालेलं असल्यामुळे माझं डोकं जरा वरच होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. आमचं ऑफिस हार्डवेअरच्या दुकानावरच्या पत्र्याच्या मजल्यावर. मालक पारसभाऊ घरची डाळमिल भावांवर सोपवून या धंद्यात उतरलेले. वेबसाइटला ते अजूनही "माल" म्हणतात आणि माल वेळेवर गेला की खूश असतात. आमचा माल म्हणजे साध्या, स्वस्त फोनवर उघडणारी वेब ॲप. तो खरंच उघडतो का, हे बघायचं काम नानांचं. त्याआधी कित्येक वर्षं ते बसस्टँडजवळच्या टपरीत मोबाइल दुरुस्त करायचे. सॉफ्टवेअरचं एक अक्षरही ते शिकलेले नाहीत. पण त्यांनी मान डोलावल्याशिवाय आमचं एकही पान बाहेर पडत नाही.

त्यांचे प्रश्न दोनच. पहिला, "वजन किती शे?" पानाचं वजन. आम्ही ते केबीत सांगायचं आणि नानांनी चेहरा वाकडा करायचा. दुसरा प्रश्न, "उघडस का?"

"उघडतं की नाना, हे बघा," असं म्हणून मी माझा चकचकीत फोन पुढे करायचे. नाना त्याच्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. "ताई, हाऊ शोरूमना फोन शे. हाऊ शेतमा जास का?" माझा फोन शेतात जात नव्हता, ही गोष्ट खरी होती.

मग नानांची परीक्षा सुरू व्हायची. जळगावचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. भर वैशाखात दुपारी एक वाजता नाना भाकरी खाऊन घेत, सहा फोन परत डब्यात भरत आणि डबा खिडकीतून बाहेर पत्र्यावर ठेवत. अर्ध्या तासाने फडक्याने धरून आत आणत. कापूस वेचणाऱ्या बाईच्या कमरेला फोन असाच तापतो आणि तापलेला फोन आळशी होतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा पारसभाऊंचे व्याही ऑफिस बघायला आले होते. नानांनी फडक्यात धरलेला तापलेला डबा टेबलावर आणून ठेवला, तेव्हा व्याह्यांना वाटलं गरम जेवण आलं. त्यांनी मोठ्या अपेक्षेने झाकण उघडलं आणि हळूच परत लावलं.

तापलेल्या फोनवर पान उघडलं तरी नाना पास करत नसत. डबा घेऊन ते जिन्याखाली जात. तिथे दुकानदाराच्या लोखंडी पाइपांचा ढीग आहे, त्यामुळे रेंजची एकच दांडी येते. ती जागा त्यांनी स्वतः शोधून काढली आणि तिचा त्यांना घराइतका अभिमान आहे. तिथे उकिडवे बसून, एकेक फोन कपाळासमोर धरून ते वाट बघत. दुकानातल्या गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारा जप करतोय.

त्यांच्या फोनमधली एकही गोष्ट पुसायची नाही, हा आणखी एक कायदा. सहाच्या सहा फोन शुभ सकाळच्या फोटोंनी गच्च भरलेले. गुलाब, उगवता सूर्य, चहाचा कप, त्यावर सुविचार. मी एकदा चांगुलपणाने एका फोनमधले चारशे गुलाब उडवले. नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ताई, लोकांच्या फोनमध्ये जागा राहत नाही. तुम्ही माझा फोन खोटा करून टाकला." मग आख्ख्या ऑफिसने महिनाभर रोज सकाळी त्यांना गुलाब पाठवले, तेव्हा कुठे तो फोन पुन्हा खरा झाला.

आता पाण्याच्या पानाकडे येते. चाळीसगावकडच्या एका ग्रामपंचायतीचं काम आमच्याकडे आलं. गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तेही एकेका गल्लीला तासभर. कधी येईल ते व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसालाच ठाऊक. आम्ही एक पान केलं. त्या माणसाने व्हॉल्व्ह उघडला की आपल्या फोनवर बटण दाबायचं, आणि त्या गल्लीतल्या फोनवरचा रिकामा हंडा भरलेला दिसायचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून हंड्याचं चित्र. घरात पाणी भरून झालं की बाईने त्या हंड्यावर बोट ठेवायचं, म्हणजे कुठल्या घराला पाणी पोचलं ते पंचायतीला कळायचं. ते गाव नानांचं. ते काम आलं तेव्हा नानांनी डबा दोनदा तापवला.

त्या पानात एक दोष होता. एका घराने हंडा एकदाच दाबायचा, पण पाच नंबरच्या गल्लीतल्या एका घरातून तो दहा-दहा, पंधरा-पंधरा वेळा दाबला जायचा. मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे, दुरुस्त करते. नाना म्हणाले, "राहू द्या."

"अहो पण आकडा चुकतो ना!"

"चुकू द्या, ताई."

आमच्या दोषांच्या यादीत त्यापुढे त्यांनी पेनाने "राहू द्या" लिहून ठेवलं. बटण एक मिलिमीटर सरकलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस चक्क एक दोष पाळतोय, याची आम्ही खूप चेष्टा केली.

पुढे धुळ्याला चुलत पुतणीचं लग्न म्हणून नाना चार दिवस सुट्टीवर गेले, आणि माझ्यातली पुणेकर जागी झाली. तो हंडा मला फार केविलवाणा वाटायचा. मी त्यावर नळ काढला. नळातून निळं पाणी पडतंय, थेंब उडताहेत, हंडा हळूहळू भरतोय. पारसभाऊ म्हणाले, "वा! माल एक नंबर." सरपंचांनी आपल्या मोठ्या फोनवर बघून टाळ्या वाजवल्या. वजन किती ते कुणी विचारलं नाही, कारण विचारणारा लग्नाच्या पंगतीत वाढत होता. शुक्रवारी मी ते नवं पान गावासाठी चालू केलं.

सोमवारी नाना आले. डबा उघडला, फोन मांडले, पाण्याचं पान लावलं. सहाही फोनवर पांढरा पडदा. आता ते ओरडतील, असं मला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"शुक्रवारपासून."

"शनिवारी पाच नंबरले पाणी होतं," ते स्वतःशीच म्हणाले. चपला घातल्या, डबा उचलला आणि जिना उतरले. मी आधी जुना हंडा परत लावला आणि मग त्यांच्या मागे स्टँडवर धावले. चाळीसगावच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. मी शेजारी बसले. सगळ्या रस्त्यात डबा त्यांच्या मांडीवर होता.

पाच नंबरच्या गल्लीत कौलारू घराच्या ओट्यावर एक वयस्क बाई बसल्या होत्या. नानांची थोरली बहीण, अक्का. शेजारी ड्रम, दोन हंडे, एक कळशी, सगळं रिकामं. मांडीवर रबरबँड लावलेला फोन. आम्ही अगदी समोर जाऊन उभे राहिलो तेव्हा त्यांनी वर पाहिलं. नानांनी नुसती हातांनी खूण केली. अक्कांना ऐकू येत नाही, हे मला तेव्हा कळलं. दहा वर्षांपूर्वीच्या तापात कान गेले. यजमान त्याआधीच गेलेले. जळगावला चला म्हटलं तर त्या घर सोडत नाहीत. नानांनी लग्न केलं नाही. त्यांना अक्का आणि अक्कांना नाना, एवढाच कारभार.

शेजारीण बाहेर आली. आम्हाला बघून वरमली. "नाना, पयले पानी वनं का मी जाईसन अक्कांना खांदा हालाडू. आते फोन शे ना त्यास्नाकडे, मंग मी म्हनं, त्यास्ले समजनं व्हई." पूर्वी पाणी आलं की ती अक्कांचा खांदा हलवायची. आमचं पान आल्यापासून सगळी गल्ली निर्धास्त झाली होती. शनिवारी बाहेर हंडे वाजत होते आणि अक्का आत बसून माझ्या पांढऱ्या पडद्याकडे बघत होत्या. दोन दिवस त्यांनी ड्रमच्या तळातलं पाणी पुरवलं होतं, आणि कुणाकडे मागितलं नव्हतं.

मला वाटलं होतं, त्या चिडतील. त्यांनी फोन नानांच्या हातात दिला आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाल्या, "भास्कर, मनीच चूक व्हयनी रे. मी काहीतरी चुकीचं दाबं. फोन बिघाडी टाका मी."

चूक माझी होती आणि ती त्या स्वतःवर घेत होत्या. पुण्यातल्या कौतुकाने जेवढं बरं वाटलं होतं, त्याहून जास्त वाईट मला त्या वाक्याने वाटलं. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले, माझ्याकडे बोट दाखवलं आणि दोन्ही कान धरले. त्या आधी गोंधळल्या, मग खो-खो हसल्या. तोवर शेजारणीने हंडा आणून ओतला होता. मग गल्लीतून आणखी दोन आले, आणि नानांनी ते ड्रममध्ये ओतून वर फडकं बांधलं.

पुढच्या रविवारी पाच नंबरला पाणी होतं. सुट्टी होती तरी मी ऑफिसला गेले. नाना जिन्याखाली, एका दांडीच्या जागेवर, उकिडवे बसलेले. मी शेजारी बसले. फोनवर पंचायतीला दिसतात तशी गल्लीतल्या घरांची नावं. नळ सुटल्याची खूण आली. एक घर भरलं, दुसरं भरलं. अक्कांचा हंडा रिकामाच. नानांनी फोन कपाळाजवळ नेला. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली.

मग अक्कांच्या नावापुढे एकचा आकडा आला. मग दोन. चार. सात. अकरा.

"आता काय करताहेत त्या?" मी विचारलं.

"बोली राहिनी," नाना म्हणाले. "ऐकू येत नाही ना तिला, फोन लावता येत नाही. आठ दिवसांनी एकदा अशी बोलते."

आकडा एकोणीसवर थांबला. नानांनी फोन रुमालाने पुसून डब्यात ठेवला. मी वर जाऊन दोषांची यादी काढली आणि "राहू द्या"च्या खाली माझी सही केली.